वेन्डेलकाकांचे कान

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक अलकाताईंनी फोनवर विषय आखूनच दिला होता. "हे बघ नितीन, गमतीजमती लिही. ती बाई जवळून कशी दिसते, काय खाते, स्टेजवर खरंच गाते की नुसते ओठ हलवते. चिंतन नको. चिंतनाचे अकरा लेख येऊन पडलेत."

तेव्हा आधी उत्तरं देऊन टाकतो. जवळून बुटकी दिसते. उकडलेली अंडी खाते. आणि खरंच गाते. या तिसऱ्या उत्तरावर टेक्सासातल्या आमच्या अर्विंगमधल्या एकाही पॉटलक जेवणात कोणी विश्वास ठेवलेला नाही. "आम्हाला काय सांगतोस यार," असं म्हणून लोक पाठीवर थाप मारतात आणि त्याच दमात विचारतात, पुढच्या शोचे दोन पास मिळतील का. खोटं गाणाऱ्या बाईचे पास यांना कशाला हवेत, हे मला अजून कळलेलं नाही.

बाईंचं नाव घेणार नाही, कारण तशी सही करून दिली आहे. त्या कंट्री-पॉप गातात. म्हणजे शब्दांत पिकअप ट्रक, आई आणि सोडून गेलेला नवरा, पण ठेका असा की वीस हजार माणसं खुर्चीवरून उठतात. टूरवर सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात, ट्रक ड्रायव्हरसुद्धा. मला पाच वर्षांत ते जमलं नाही. मी "हाय" म्हणतो आणि थांबतो. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून "बाई" आहेत.

माझ्या कामाला प्लेबॅक म्हणतात. मिरजेला आईने हे ऐकल्यावर शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की नितीन अमेरिकेत पार्श्वगायक झाला. ते निस्तरायला मला दोन सुट्ट्या लागल्या. काम असं आहे: स्टेजवरच्या प्रत्येक वादकाच्या कानात एक छोटं बोंडूक असतं. त्यात त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येतं आणि सोबत टक-टक-टक असा ठोका, जो प्रेक्षकांना ऐकू जात नाही. तो ठोका माझ्या कॉम्प्युटरमधून जातो. मी एक बटण दाबलं की गाणं सुरू होतं. दिवे, पडद्यावरची चित्रं, धूर, सगळं त्या ठोक्याच्या मागे चालतं. शेजारी दुसरा कॉम्प्युटर तेच सगळं मुकाट्याने चालवत असतो. पहिला मेला की दुसरा पुढे नेतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. आयटीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं.

शिवाय प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड होतो. दुसऱ्या दिवशी नवं गाव, नवं अरीना, दुपारची वेळ, वादक हॉटेलात झोपलेले. तेव्हा आम्ही कालचं रेकॉर्डिंग लावून त्या हॉलचा आवाज जुळवून घेतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर कालच्या बाई गातात, कालचा ड्रमर ड्रम बडवतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला अंगावर काटा येतो. आम्ही त्या वेळी सँडविच खात असतो.

एक गंमत सांगतो, म्हणजे अलकाताईंना धीर येईल. बाई रोज एका गाण्यात रडतात. खरंच रडतात, डोळ्यांत पाणी येतं. पण रोज त्याच ओळीला येतं. गळा भरून आला की त्या दोन ओळी सोडून देतात, आणि मला संगीत तेवढंच फिरवत ठेवावं लागतं. म्हणून माझ्या स्क्रीनवर त्या जागी मी देवनागरीत खूण केली होती: "बाई रडतात". त्याच्या खाली "बाई हसतात", आणि शेवटी "बाई गाव विसरल्याचं दाखवतात". एकदा माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे सुंदर अक्षर कसलं? काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "पाणी प्यायच्या जागा."

"किती काळजी घेतोस माझी," बाई म्हणाल्या.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालंय. बाईंना सांगितलं, तर त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. एका मुलीला फोन केला, तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आता तुम्ही.

आमच्याकडे वेन्डेल नावाचे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ फिडल वाजवायचे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. मात्र वाजवणाऱ्याने कडक कॉलर घालायची नाही आणि पायाने जमीन हाणायची. बाई सोळाव्या वर्षी जत्रांमधून गायच्या तेव्हापासून ते त्यांच्यासोबत. बाकी सगळे वादक बदलले, हे राहिले. सगळे त्यांना अरे वेन्डेल म्हणत. मी इथे अहो-जाहोच करणार, कारण आई हा अंक वाचते.

त्यांची एक सवय होती. सकाळी बसमध्ये काळ्या कॉफीचा मग घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचे, कालचं रेकॉर्डिंग मागायचे, डोळे मिटून आपला भाग ऐकायचे. मला ते प्रोफेसर म्हणत. मग विचारायचे, "प्रोफेसर, कसं होतं?" मी "छान" म्हणायचो. ते म्हणायचे, "तुला काय कळतंय!" मग दोघे हसायचो. एवढंच.

त्या वर्षी टूर परदेशी जाणार होती. आधी अमेरिकेतली गावं, मग आयर्लंड, स्कॉटलंड आणि पुढे युरोप, मग परत टेक्सास. वेन्डेलकाका आयुष्यात देशाबाहेर गेलेले नव्हते. सत्तराव्या वर्षी त्यांनी पहिला पासपोर्ट काढला होता, आणि तो ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. टेनेसीतल्या ज्या डोंगरात ते वाढले तिथल्या सगळ्या जुन्या धुना म्हणे स्कॉटलंडहून आलेल्या. "जाऊन बघतो," ते म्हणायचे, "मूळ मालक अजून वाजवतात का. चुकत असतील तर सांगून येतो."

एका सकाळी त्यांच्या हातातली कॉफी टेबलावर सांडली. मी तिकडे पाहिलं, त्यांनी हात टेबलाखाली घेतला. मग दोन दिवसांनी शोमध्ये, शेवटून तिसऱ्या, संथ गाण्यात, जिथे सगळे थांबतात आणि एकटं फिडल लांब स्वर धरतं, तिथे त्यांचा बो, म्हणजे गज, तारेवरून घसरला. पुढच्या शोला पुन्हा. आमची संगीत दिग्दर्शक केल्सी, तिशीची, हुशार मुलगी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "वेन्डेलवर लक्ष ठेव. असंच चाललं तर मी त्यांना परदेशात नेऊ शकत नाही. त्यांना काही बोलू नकोस."

एवढंच म्हणाली ती. पुढचं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

प्रत्येक गाण्यासाठी फिडलचा आवाज थोडा वेगळा करावा लागतो, म्हणून त्यांची वायर माझ्या कॉम्प्युटरमधून जायची. आणि सगळं ठोक्यावर चालत असल्यामुळे टल्सातलं गाणं आणि डेन्व्हरमधलं गाणं सेकंदाच्या तुकड्यापर्यंत एकमेकांवर बसतं. माझ्याकडे आधी झालेल्या टल्साच्या रात्रीचं रेकॉर्डिंग होतं. तिथे वेन्डेलकाकांचा हात स्थिर होता. डेन्व्हरला मी त्यांच्या कानात त्यांचं खरं वाजवणं जाऊ दिलं आणि बाकी सगळ्यांना टल्सा ऐकवलं. मग पुढे रोजच.

केल्सीने अंगठा वर करून मला 'छान' अशी खूण केली. बाईंनी स्टेजवर वळून वेन्डेलकाकांना वाकून नमस्कार केला. तेही गोंधळून वाकले.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. उलट अभिमान वाटला. माझे मामा मिरजेला एका बुवांच्या मागे तंबोऱ्याला बसायचे. बुवांचं वय झालं होतं. वरचा षड्ज लागेना की मामा हळूच आपला आवाज त्यात मिसळायचे आणि मैफल सावरून घ्यायचे. आमच्या घरात ही सेवा समजली जायची. मला वाटलं, मी तेच करतोय, फक्त माझा तंबोरा विजेवर चालतो. मामा समोर बसायचे, सगळ्यांना दिसायचे, आणि बुवांच्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून असायचे, हे मी सोयीने विसरलो.

आता सकाळच्या कॉफीचं काय करायचं? खरं रेकॉर्डिंग दिलं तर सगळं बाहेर येणार. म्हणून मी त्यांना हॉलमध्ये ऐकवलेलंच द्यायला लागलो. पहिल्या सकाळी त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"हे काल रात्रीचं?"

"हो."

"मला स्टेजवर वेगळं ऐकू येत होतं. फार वाईट."

"कानातलं बोंडूक नीट बसलं नसेल," मी म्हटलं.

माझ्या तोंडून निघालेलं हे एक वाक्य त्या माणसाने खरं मानलं. लक्षात घ्या, त्या अख्ख्या इमारतीत खरं ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच मी पटवून दिलं की तुझे कान खोटं बोलतात.

पुढचे काही महिने टूरवर वेन्डेलकाकांचे कान हा सगळ्यांचा विनोदाचा विषय होता. त्यांनी कानाचा साचा देऊन नवी बोंडुकं करवून घेतली. मग दुसरी. मग तिसरी, जांभळ्या रंगाची, कारण ड्रमर म्हणाला जांभळ्यात आवाज बरा येतो. एका डॉक्टरने तपासून सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. "त्या डॉक्टरलाच ऐकू येत नाही," काका म्हणाले. दुसऱ्याकडे गेले. त्याने तेच सांगितलं. मग कोणीतरी कोमट ऑलिव्ह ऑइल सुचवलं. मी घरी बायकोला, वृंदाला, हे फोनवर सांगायचो तेव्हा तीही हसायची. "लसूण घालून कढव म्हणावं," ती म्हणाली. मी तेही त्यांना सांगितलं, आणि त्यांनी तेही केलं. दोन दिवस अख्ख्या बसला फोडणीचा वास येत होता.

हात मात्र कोणी तपासला नाही. हात तर रेकॉर्डिंगमध्ये ठणठणीत होता.

त्यांच्या मुलीचा फोन आला, टेनेसीहून. तिने वडिलांना जेवताना पाहिलं होतं. "नितीन, तू रोज त्यांच्यासमोर असतोस. वाजवताना हात थरथरतो का त्यांचा? तसं असेल तर मी परदेशात जायच्या आधी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेते."

मी म्हटलं, "वाजवताना अजिबात नाही. हवं तर कालचं पाठवतो."

आणि पाठवलं. या लेखात लिहायला सगळ्यात जड गेलेलं वाक्य हे.

ग्लासगो झालं. दुपारी मोकळा वेळ होता तेव्हा वेन्डेलकाका एका पबमध्ये गेले, तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना एक धून वाजवून दाखवली, आणि काका डोळे पुसत परत आले. "तेच चुकतायत," म्हणाले. मी कित्येक दिवस त्या दुपारच्या जोरावर माझी सगळी उधारी फेडत असे. मी नसतो तर ग्लासगो झालं नसतं, असं स्वतःला सांगायचो. खोटं नाहीच ते. पुरं मात्र पडत नाही.

मग आम्ही टेक्सासला परत आलो. माझं घरचं मैदान; पहिल्या काही रांगांत अर्विंगची निम्मी मराठी मंडळी माझ्या पासवर बसलेली. शो रंगला होता. संथ गाणं यायच्या आधी बाईंनी हात वर करून मला थांबवलं. असं त्या कधी करत नाहीत. त्या जागेवर माझ्याकडे कुठलीच खूण नव्हती.

"आज कॉम्प्युटर नको," बाई माइकवर म्हणाल्या. "आज फक्त मी आणि वेन्डेल. हा माणूस या टूरवर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवतोय, आणि तुम्ही ते जवळून ऐकायला हवं."

प्रेक्षकांच्या मधोमध एक छोटं स्टेज असतं. बाई त्यांचा हात धरून तिकडे घेऊन गेल्या. चालताना वेन्डेलकाकांनी कानातली जांभळी बोंडुकं काढून खिशात टाकली. तिथे एकच माइक होता आणि त्याची वायर माझ्याकडे येत नव्हती. वीस हजार माणसांत पुढे काय होणार हे ठाऊक असलेला मी एकटा, आणि माझ्यासमोर दोन कॉम्प्युटर, दोन्ही उत्तम चालू.

त्यांनी बो तारेवर ठेवला. पहिला स्वर मध्येच तुटला. दुसरा ओरखड्यासारखा आला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग चटकन त्या जवळ सरकल्या आणि गुणगुणायला लागल्या, त्यांच्या वरून, त्यांना झाकत. गाणं कसंबसं संपलं. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला गहिवरून आलं; त्यांनी इमारत डोक्यावर घेतली. माझ्या पासवर आलेल्या एका काकू नंतर मला म्हणाल्या, "बाकी सगळं यांत्रिक वाटलं हो, पण त्या आजोबांचं मनाला भिडलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी वेन्डेलकाका ताट घेऊन माझ्यासमोर बसले. कॉफी नव्हती.

"प्रोफेसर, काल मी कानात काही घातलं नव्हतं."

"हो."

"तरी रोज ऐकू येतं तसंच ऐकू आलं."

मी काट्याने मटार गोळा करत होतो.

"म्हणजे माझे कान बरे आहेत," ते म्हणाले. "मग वाईट कोण आहे?"

मी सगळं सांगितलं. टल्सा, डेन्व्हर, सकाळची रेकॉर्डिंग, त्यांची मुलगी. ते मध्ये एकदाच बोलले. "ऑलिव्ह ऑइलसुद्धा?"

"ते ड्रमरचं होतं. लसूण माझ्याकडून."

"दोन दिवस बायबलमधल्या बळीच्या भाजलेल्या मेंढीसारखा वास येत होता मला," ते म्हणाले, आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "खरी रेकॉर्डिंग तू पुसलीस?"

पुसली नव्हती. वायरमधून येणारा मूळ आवाज यंत्र आपोआप साठवतं. मी तो कधी उघडलादेखील नव्हता. संध्याकाळच्या आत मी सगळ्या रात्री एका ड्राइव्हवर घालून त्यांना दिल्या.

त्यांनी बाईंना आणि केल्सीला आपला हात सांगितला. माझा सांगितला नाही. दोन आठवड्यांनी, पुढच्या मुक्कामी, बाईंनी त्यांना निरोप दिला. केक होता, आणि मोठ्या पडद्यावर त्यांच्या "सर्वोत्तम क्षणांचा" व्हिडिओ. चित्र डब्लिनचं, आवाज टल्साचा. सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होते. वेन्डेलकाकाही वाजवत होते. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चांगला वाजवतो गडी. ओळख करून दे कधी."

मला वाटलं हे इथे संपलं. मनुष्य उदार निघाला, माझं नशीब.

या मार्चमध्ये ते डॅलसला एका फिडल स्पर्धेचे परीक्षक म्हणून आले होते. फोन न करता अर्विंगला आमच्या दारात पिकअप उभा केला. हात आता बराच बरा होता, गोळ्या चालू होत्या. मुलीने सांगितलं होतं, सहा महिने आधी सुरू केल्या असत्या तर अजून बरा असता. हे त्यांनी मला चहात साखर किती हवी ते सांगावं तसं सांगितलं. वृंदाने दडपे पोहे दिले. "दिसतं लाकडाच्या भुशासारखं," ते तिला म्हणाले, "पण हा भुसा मी रोज खाईन." ती खूश होऊन आणखी आणायला गेली. आमची लेक सई वरून डोकावून "हाय वेन्डेल, बाबा इज बिइंग वियर्डली क्वाएट" म्हणून परत गेली.

मग त्यांनी खिशातून तो ड्राइव्ह काढला.

"सगळं ऐकलं," ते म्हणाले. "बहुतेक रात्री तुझं बरोबर होतं. मांजराची शेपूट दारात अडकावी तसं वाजवलंय मी. हे एक ऐक."

हेडफोन त्यांनी माझ्या डोक्यावर स्वतः बसवले. तेच संथ गाणं, तीच जागा. बो थरथरत होता. पण इथे त्यांनी लांब स्वर धरायचा हट्ट सोडून दिला होता. हात हलला तिथे स्वर तोडला, मोकळी जागा तशीच राहू दिली, आणि पुढचा स्वर अगदी खाली, जेमतेम ऐकू येईल असा ठेवला. टल्सातलं वाजवणं सुरेख होतं. हे ऐकताना मी श्वास कुठे घेतला ते मला आठवत नाही.

"ही कुठली रात्र?"

"ओमाहा. परदेशात जायच्या आधीची. तू तिथे होतास."

"होतो."

"ऐकलं नाहीस?"

"नाही. बटण दाबून झालं होतं."

ते पोह्यांतला एकेक शेंगदाणा वेचून खात होते. "मला त्या रात्री वाटलं होतं, सापडलं," ते म्हणाले. "या हातानेही वाजवता येईल अशी रीत सापडली. सकाळी तुझ्याकडून रेकॉर्डिंग घेतलं, तर त्यात ते नव्हतंच. नेहमीचं होतं, गुळगुळीत. मी म्हटलं, म्हातारपण, भास झाला. पुन्हा तसं वाजवलं नाही कधी."

मी म्हटलं, "हे बाईंना ऐकवू. केल्सीला ऐकवू. मी सांगतो त्यांना सगळं. आज."

"त्यांना सांग की. तो तुझा प्रश्न." त्यांनी हात लांब करून माझ्या लॅपटॉपवर ओमाहाची रात्र सुरुवातीला नेऊन ठेवली, पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर. "आधी तू ऐक. पूर्ण."

मी ऐकायला बसलो. समोर ते. माझा फोन वाजला तो त्यांनी उचलून पालथा ठेवला. चौथ्या गाण्यानंतर मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायला लागलो, तर त्यांनी हेडफोनची एक बाजू बोटाने वर उचलली.

"कुठे निघालास, प्रोफेसर? अजून सतरा गाणी आहेत."